अग्रपूजेचा वाद

युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञांत अग्रपूजेचा मान कोणास द्यावा हा प्रश्न निघाला, तेव्हां भीष्मांनीं श्रीकृष्णाचें नांव सुचविलें आणि शिशुपालानें भर सभेंत हरकत घेतली, ही कथा आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शिशुपालाचा हेतु मत्सराचा होता हें खरें; पण त्यानें विचारलेला प्रश्न केवळ मत्सराचा नव्हता. वयाचा मान करावयाचा तर वसुदेव बसले आहेत, आचार्याचा करावयाचा तर द्रोण आहेत, ऋषीचा करावयाचा तर व्यास आहेत; मग तुम्ही कोणत्या मापानें मोजलें, असें त्याचें विचारणें होतें. युक्तिवाद पुष्कळ झाला, परंतु निकाल लागला तो सुदर्शनानें. गुणिजनांचा जाहीर सत्कार जेथें जेथें होतो तेथें तेथें शिशुपालाचा प्रश्न उठावयाचाच, आणि सुदर्शन तर प्रत्येक सभेजवळ नसतें.

असाच एक वाद अमेरिकेंत साठांहून अधिक वर्षें चालू आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड या गांवीं ख्रिस्ती तरुण संघाची एक शिक्षकशाळा होती. हिवाळ्यांत घरांत कोंडलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांस कांहीं उद्योग द्यावा म्हणून तेथील जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत सज्जाच्या कठड्यास फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहून काढले आणि बास्केटबॉल हा खेळ सुरू केला. त्याच गांवीं १९५९ सालीं या खेळांतील थोर व्यक्तींचें कीर्तिमंदिर स्थापन झालें. पहिल्या वर्षीं १५ व्यक्ति आणि २ संघ यांची निवड झाली. इमारत उभी राहिली ती १९६८ सालीं. आज जेथें लोक यात्रेस जातात ती वास्तु २००२ सालची आहे, आणि सन्मानितांची संख्या आतां चारशेंच्या वर गेली आहे. हा खेळ आमच्या देशास परका नाहीं. नेस्मिथच्याच शाळेंत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनीं अनेक शाळांच्या पटांगणांत हा खेळ नेला. तेव्हां त्या मंदिरांत कोणाची मूर्ति बसावी हा वाद आम्ही अगदींच तिऱ्हाइताच्या नात्यानें ऐकतों असें नाहीं.

मूर्ति बसविण्याची पद्धत मोठी विलक्षण आहे. प्रथम ९ जणांची एक समिति नांवांची छाननी करते व तींतील ७ जणांचीं मतें मिळालीं तर उमेदवार पुढें जातो. स्त्री-खेळाडूंसाठीं अशीच ७ जणांची निराळी समिति असून तेथें ५ मतें लागतात. नंतर २४ जणांची श्रेष्ठ समिति बसते, आणि तिच्या १८ सभासदांनीं होकार दिला म्हणजे नांव कोरलें जातें. हे सभासद कोण, हें जाहीर होत नाहीं. कोणीं कोणास मत दिलें, हेंहि नाहीं. बेसबॉल या खेळाचें कीर्तिमंदिर कूपर्सटाउन येथें आहे. तेथें वृत्तपत्रांचे लेखक मत देतात आणि पुष्कळदां आपल्या मताचीं कारणें स्वतःच छापून मोकळे होतात. मग लोक त्यांस दूषणें देवोत कीं धन्यवाद देवोत. स्प्रिंगफील्ड येथें तशी सोय नाहीं. भिडेस पडून कोणीं मत बदलूं नये म्हणून हा पडदा आहे, असें त्याचें समर्थन करतां येईल. परंतु निकालाचीं कारणेंच कळलीं नाहींत म्हणजे योग्य निकालावरहि लोकांचा विश्वास बसत नाहीं. परिणाम असा होतो कीं, प्रत्येक क्रीडाप्रेमी आपल्यापुरती पंचविसावी खुर्ची मांडून बसतो.

या पंचविसाव्या खुर्चीवरील मंडळींचें आवडतें शस्त्र म्हणजे आंकडे. त्यांच्या वादाचा एकच मासला देतों. रॉबर्ट होरी या खेळाडूनें १९९४ ते २००७ या काळांत तीन निरनिराळ्या संघांतून खेळून ७ अजिंक्यपदें मिळविलीं. दर सामन्यास त्याची सरासरी ७ गुणांची. के. सी. जोन्स यानें बोस्टन सेल्टिक्स या संघांतून १९५९ ते १९६६ पर्यंत ओळीनें ८ अजिंक्यपदें मिळविलीं. त्याची सरासरी ७.४ गुणांची. जोन्स १९८९ सालीं मंदिरांत गेला; होरीस २०२५ सालच्या निवडीपर्यंत स्थान मिळालेलें नव्हतें. होरीचे कैवारी विचारतात कीं, एका अजिंक्यपदाच्या आणि अर्ध्या गुणाच्या अंतरावर मंदिराचा उंबरठा आहे काय? प्रश्न चतुर आहे; पण तो विचारतांना जोन्सनें काय काम केलें हें कोणी पाहत नाहीं. प्रतिस्पर्धी संघांतील जो खेळाडू सर्वांत धोक्याचा, त्यास जखडून टाकणें हें रोजचें काम जोन्सकडे असे, आणि तें साधलें कीं नाहीं हें त्याच्या स्वतःच्या नांवापुढें नव्हे, तर त्या दुसऱ्या मनुष्याच्या नांवापुढें कमी पडलेल्या गुणांत दिसे. होरीनें अखेरच्या क्षणीं टोपलींत टाकलेले चेंडू अनेकांच्या डोळ्यांपुढें अजून आहेत. तरी त्याच्या संघांचा भार दुसऱ्यांच्या खांद्यांवर होता. आमचा कल जोन्सकडे आहे. पण हा कल आंकड्यांवरून ठरलेला नाहीं, एवढें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

काळ बदलला म्हणजे आंकड्यांची किंमतहि बदलते. १९५० च्या नोव्हेंबरच्या २२ तारखेस फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस या संघांचा सामना झाला, त्यांत फोर्ट वेननें १९ विरुद्ध १८ गुणांनीं जय मिळविला. आजच्या एखाद्या सामन्याच्या पहिल्या पावांतच यापेक्षां अधिक गुण होतात. त्या १८ गुणांपैकीं १५ एकट्या जॉर्ज माइकनचे होते. हा धिप्पाड खेळाडू टोपलीखालीं उभा राहिला म्हणजे दुसऱ्यांचें कांहीं चालत नसे. त्याच्यामुळें १९५१ सालीं टोपलीपुढील राखीव पट्टा ६ फुटांचा होता तो १२ फुटांचा करावा लागला. चेंडू हातांत घेऊन वेळ काढीत बसण्याच्या खोडीस आळा बसला तो १९५४ सालीं, २४ सेकंदांच्या आंत चेंडू टोपलीकडे फेकलाच पाहिजे असा नियम झाला तेव्हां. माइकन पहिल्याच वर्षीं मंदिरांत गेला. ज्याच्यासाठीं नियमच बदलावे लागले त्याच्या योग्यतेचा वेगळा पुरावा कशास हवा?

माइकनच्याच बरोबर हँक लुइसेटी गेला. त्याची गोष्ट आंकडेवाल्यांस अधिकच अडचणीची आहे, कारण तो व्यावसायिक संघांतून कधीं खेळलाच नाहीं. त्याच्या आधीं चेंडू दोन्ही हातांनीं, पाय रोवून फेकावा असा शिरस्ता होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा हा तरुण धांवतां धांवतां एका हातानें चेंडू फेकी. १९३६ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें त्यानें तसें करून दाखविलें आणि ओळीनें ४३ सामने जिंकलेल्या लाँग आयलंडच्या संघाचा पराभव झाला, तेव्हां जुन्या शिक्षकांनीं नाकें मुरडलीं. पण पुढच्या पिढीनें त्याचाच कित्ता गिरविला. लुइसेटीचे एकूण गुण मोजावयास बसणारास फारसें कांहीं सांपडणार नाहीं. १९५९ च्या निवडसमितीनें मात्र गुण मोजले नाहींत. तिनें त्या एका हाताकडे पाहिलें, आणि ठीक केलें. आमच्या काळांतील एक उदाहरण द्यावयाचें तर बेन वॉलेस याचें देतां येईल. १९९६ सालच्या वार्षिक वांटणींत त्यास एकाहि संघानें निवडलें नव्हतें, आणि सगळ्या कारकीर्दींत दर सामन्यास त्याचे ६ देखील गुण भरत नाहींत. बचावाच्या बळावर तो चार वेळां श्रेष्ठ ठरला, २००४ सालीं त्यानें डेट्रॉइटला अजिंक्यपद मिळवून देण्यास हातभार लावला, आणि २०२१ सालीं त्याचें नांव कोरलें गेलें.

इतकें असूनहि आंकड्यांस आम्ही टाकाऊ म्हणत नाहीं. त्यांच्यावांचून नुसतीं स्तुतिस्तोत्रें उरतील, आणि स्तुति ज्यास जवळचे मित्र अधिक त्याची अधिक होते. परंतु ज्यास खेळूंच दिलें नाहीं त्याचे आंकडे कोठून आणावयाचे? या मंदिराचा खरा वाद येथें आहे.

न्यूयॉर्क शहरांत हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. कॅरिबियन समुद्रांतील सेंट किट्स बेटांतून आलेल्या रॉबर्ट डग्लस या गृहस्थानें १९२३ सालीं तेथें एक व्यावसायिक संघ उभारला. रेनेसाँ नांवाच्या नृत्यगृहाच्या मालकाशीं त्यानें ठराव केला कीं, तुमच्या इमारतीचें नांव आमचा संघ लावील, त्याबद्दल आम्हांस तुमची जागा मिळावी. अशा रीतीनें न्यूयॉर्क रेन्स हा संघ जन्मास आला. सायंकाळीं त्या गुळगुळीत जमिनीवर सामना होई आणि सामना संपला कीं तेथेंच वाद्यें वाजूं लागत. १९२५ सालीं गोऱ्यांनीं व्यावसायिक संघांची मोठी संघटना काढली, तींत रेन्सला घेतलें नाहीं. मग हा संघ मोटारींतून गांवोगांव हिंडूं लागला. दिवसा ज्यांच्याशीं खेळावयाचें त्यांच्या गांवांत रात्रीं निजावयास जागा मिळत नसे; खाणावळी दारें लावून घेत; तेव्हां गाडींतच निजावें आणि बरोबर घेतलेलें थंड अन्न खावें असा क्रम असे. अशा स्थितींत १९३२-३३ च्या हंगामांत रेन्सनें ओळीनें ८८ सामने जिंकले. १९३९ सालीं शिकागो येथें व्यावसायिक संघांची खुली जागतिक स्पर्धा झाली, तींत अखेरच्या सामन्यांत ऑश्कॉशच्या गोऱ्या संघास ३४ विरुद्ध २५ गुणांनीं हरवून पहिलें अजिंक्यपद त्यांनींच नेलें.

रेन्सचे जुने प्रतिस्पर्धी म्हणजे ओरिजिनल सेल्टिक्स हा गोऱ्यांचा संघ. हे दोन संघ अनेकदां भिडले, आणि त्यांत कोण वरचढ होता हें सांगणें कठीण होतें. आतां मंदिराची वही उघडून पाहावी. सेल्टिक्सचा संघ १९५९ सालीं, म्हणजे पहिल्याच दिवशीं आंत गेला. रेन्सचा संघ १९६३ सालीं. हें चार वर्षांचें अंतर कोणी फारसें मनावर घेणार नाहीं. पण खेळाडूंचीं नांवें पाहूं लागलों म्हणजे वेगळेंच दिसतें. सेल्टिक्सचा नॅट होल्मन १९६४ सालीं गेला, जो लॅपचिक १९६६ सालीं. रेन्सच्या बाजूनें १९७२ सालीं डग्लस स्वतः गेला, पण तो संघाचा चालक म्हणून. खेळाडूंपैकीं पहिला, टार्झन कूपर, १९७७ सालीं. दुसरा, पॉप गेट्स, १९८९ सालीं. लॅपचिक हा सेल्टिक्सचा मध्यस्थानीं खेळणारा वीर. तो टार्झन कूपरला या स्थानावरील सर्वश्रेष्ठ खेळाडू समजत असे. म्हणजे ज्यानें श्रेष्ठत्व मान्य केलें तो अकरा वर्षें अगोदर आंत गेला, आणि ज्याचें मान्य केलें तो बाहेर उभा राहिला. १९३९ च्या त्या अजिंक्य संघांतील जॉन आयझॅक्स २०१५ सालीं आणि झॅक क्लेटन २०१७ सालीं सन्मानित झाले. आयझॅक्स २००९ सालीं वारला होता, क्लेटन १९९७ सालीं. याच क्लेटननें पुढें मुष्टियुद्धाचा पंच म्हणून नांव काढलें, आणि १९७४ सालीं किन्शासा येथें महंमद अली व जॉर्ज फोरमन यांच्यामध्यें जो मनुष्य उभा होता तो हाच. साऱ्या जगानें त्यास त्या रात्रीं पाहिलें, पण स्प्रिंगफील्डला तो दिसावयास आणखी त्रेचाळीस वर्षें लागलीं!

संघालाच मान दिला, मग माणसें वेगळीं कशाला मोजावीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. संघाचा गौरव करून व्यक्तींस विसरणें म्हणजे दिंडीला नमस्कार करून वारकऱ्यास ओळख न देणें होय. ज्या समितीस सेल्टिक्समध्यें निरनिराळे चेहरे दिसले, तिला रेन्समध्यें केवळ एक समुदाय दिसला, यांतच सर्व कांहीं आलें.

रेन्सला निदान खेळावयास तरी मिळालें. कॉनी हॉकिन्स आणि रॉजर ब्राउन यांचें दुर्दैव याहून चमत्कारिक. दोघेहि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतले, दोघेहि शाळेंत असतांनाच सर्वांच्या तोंडीं झालेले. १९६१ सालीं विद्यापीठांच्या सामन्यांतील जुगाराची चौकशी निघाली, तींत या दोघांचीं नांवें आलीं. त्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला नाहीं. इतकेंच काय, आरोपहि ठेवला गेला नाहीं. हॉकिन्सनें एका जुगाऱ्यापासून २०० डॉलर उसने घेतले होते आणि ते परत केले होते. तरीहि आयोवा विद्यापीठानें हॉकिन्सला आणि डेटन विद्यापीठानें ब्राउनला काढून टाकलें, आणि राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेनें, जिला तिकडे एन. बी. ए. म्हणतात तिनें, दोघांसहि दार बंद केलें. हॉकिन्स किरकोळ संघांतून आणि तमाशाच्या धर्तीवर खेळणाऱ्या एका फिरत्या संघांतून दिवस काढीत राहिला. ब्राउन डेटन शहरांत कारखान्यांत कामास लागला. १९६७ सालीं ए. बी. ए. नांवाची प्रतिस्पर्धी संघटना निघाली तेव्हां कोठें दोघांस पुन्हां मोठ्या मैदानावर पाय ठेवतां आला. पहिल्याच हंगामांत हॉकिन्सच्या पिट्सबर्गनें अजिंक्यपद मिळविलें. त्यानें एन. बी. ए. वर फिर्याद केली, १९६९ सालीं तडजोड झाली, आणि सत्ताविसाव्या वर्षीं त्या संघटनेंत शिरून पहिल्याच वर्षीं तो तिच्या पांच श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. ब्राउन मात्र दार उघडल्यावरहि इंडियानाचा संघ सोडून गेला नाहीं. वाईट दिवसांत ज्यांनीं हात दिला त्यांच्याकडेच राहिला आणि त्यांस तीन अजिंक्यपदें मिळवून दिलीं.

हॉकिन्सला १९९२ सालीं मान मिळाला आणि तो स्वतः तेथें होता. ब्राउनला मिळाला २०१३ सालीं. तो १९९७ सालीं वारला होता. या दोन निवडींवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाहीं. आक्षेपक म्हणतात कीं, मंदिर हें झालेल्या पराक्रमासाठीं आहे, होऊं शकणाऱ्या पराक्रमासाठीं नाहीं. ‘जर खेळावयास मिळतें तर’ या ‘जर’ला एकदां आंत घेतलें तर त्याच्या मागोमाग किती येतील याचा नेम नाहीं. तत्त्व म्हणून हें बरोबर आहे. गुडघा मोडून ज्याची कारकीर्द अर्ध्यावर थांबली त्याच्याविषयीं आम्हांस हळहळ वाटते, परंतु त्या हळहळीस मत देतां येत नाहीं. हॉकिन्सची गोष्ट निराळी आहे. त्याचीं वर्षें दैवानें नेलीं नाहींत. ज्या खेळाचें हें मंदिर, त्याच खेळाच्या कारभाऱ्यांनीं तीं नेलीं. आपणच पान फाडावें आणि मग वहींत हिशेब अपुरा आहे असें म्हणावें, हा न्याय कोणत्याहि सावकारीला शोभणार नाहीं. शिवाय जीं थोडीं पानें उरलीं तीं कोरीं नव्हतीं. १९७० सालच्या अंतिम फेरींत ब्राउननें एका सामन्यांत ५३ गुण मिळविले, हें कोणी ‘जर’ म्हणून सांगत नाहीं.

स्त्रियांचीहि अशीच कथा आहे. सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें स्मिथ कॉलेजांत मुलींस हा खेळ शिकविला तो नेस्मिथनें आरंभ केल्यानंतर वर्षभराच्या आंत. पण मंदिरांत पहिल्या स्त्री-खेळाडू, नेरा व्हाइट आणि लुसाया हॅरिस, गेल्या त्या १९९२ सालीं. तेहतीस वर्षांत एकहि स्त्री-खेळाडू योग्यतेस उतरली नाहीं असें ज्यास म्हणावयाचें असेल त्यानें खुशाल म्हणावें.

आतां बिल रसेलकडे वळूं. त्याच्या योग्यतेविषयीं वादच नव्हता. विद्यापीठाच्या संघांतून त्यानें १९५५ व १९५६ अशीं दोन अजिंक्यपदें घेतलीं, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक घेतलें, आणि बोस्टन सेल्टिक्समध्यें तेरा हंगामांत ११ अजिंक्यपदें. त्यांपैकीं शेवटचीं दोन तर तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनीं. प्रतिस्पर्ध्यानें फेकलेला चेंडू हवेंतच अडविण्याची त्याची कला अपूर्व होती; पण असे अडविलेले चेंडू मोजण्याची पद्धत १९७३-७४ च्या हंगामांत सुरू झाली, आणि तो निवृत्त झाला १९६९ सालीं. म्हणजे त्याचा मुख्य गुणच वहींत नाहीं. तरी त्यावांचून त्याचें कांहीं अडलें नाहीं. १९७५ सालीं त्याची निवड झाली. खेळाडू म्हणून मंदिरांत जाणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्यानें हा मान नाकारला. समारंभास तो गेला नाहीं. कारणें खाजगी आहेत एवढेंच त्यानें कळविलें. मंदिरानें त्याचें नांव कोरलें तें कोरलेंच.

त्या वेळीं बहुतेकांनीं हा त्याचा ताठा समजला. तसें समजण्यास जागाहि होती. १९७२ सालीं बोस्टनमध्यें त्याच्या क्रमांकाचा गौरव व्हावयाचा होता, तेव्हां प्रेक्षकांस आंत सोडण्यापूर्वींच तो उरकावा असा त्यानें आग्रह धरला होता. बोस्टनच्या प्रेक्षकांशीं त्याचें जमत नसे, आणि दोष त्याचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या गांवीं तो राहत असे तेथें चोरांनीं त्याचें घर फोडून बक्षिसांची मोडतोड केली होती व अंथरुणांत घाण करून ठेविली होती. १९६१ सालीं केंटकींतील लेक्सिंग्टन येथें उपाहारगृहानें कृष्णवर्णीय खेळाडूंस खाणें नाकारलें तेव्हां सामना न खेळतां परत जाणाऱ्यांत तो होता. तेव्हां १९७५ चा नकार हा त्याच जुन्या रागाचा भाग, असें लोकांनीं ठरवून टाकलें.

खरें कारण बाहेर आलें तें ४४ वर्षांनीं. आपल्या आधीं दुसऱ्या कांहीं जणांचा हक्क होता, ते बाहेर असतां पहिला म्हणून आपण आंत जाणें बरें नव्हे, असें त्यास वाटत होतें. ते दुसरे कोण? १९५० सालीं एन. बी. ए. मध्यें एकदम तीन कृष्णवर्णीय आले. वार्षिक वांटणींत प्रथम निवडला गेला तो चक कूपर. त्यास बोस्टन सेल्टिक्सनें घेतलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या संघानें नॅट क्लिफ्टन याच्याशीं करार केला. त्या संघाचा प्रशिक्षक होता तोच लॅपचिक, ज्याचें नांव वर आलें आहे. आणि ३१ ऑक्टोबर १९५० रोजीं प्रत्यक्ष सामन्यांत प्रथम उतरला तो अर्ल लॉइड.

कूपरचे आंकडे पाहिले तर मंदिराच्या पायरीपर्यंतहि ते पोंचत नाहींत. सहा हंगाम तो खेळला. सरासरी सातांहून कमी गुणांची. परंतु त्या काळीं कृष्णवर्णीय खेळाडूनें टोपलींत चेंडू टाकावयाचे नव्हते. त्यानें अंगावर धक्के घ्यावे, फळीवरून परतलेला चेंडू झोंबून मिळवावा आणि तो गोऱ्या सोबत्याच्या हातीं द्यावा, अशी अपेक्षा असे. उत्तर कॅरोलायनांतील रॅले शहरीं हॉटेलवाल्यानें कूपरला जागा नाकारली तेव्हां बॉब कूझी हा संघांतील गोरा सोबती त्याच्याबरोबर रात्रीच्या आगगाडीनें निघून आला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कूपर निवृत्त झाला १९५६ सालीं, आणि त्याच वर्षीं त्याच बोस्टनच्या संघांत रसेल आला. रसेलनें ज्या वाटेनें पाऊल टाकलें ती कोणी मळविली हें त्यास इतरांपेक्षां अधिक ठाऊक होतें. पुढें कूपरनें समाजसेवेचें शिक्षण घेतलें, पिट्सबर्ग शहराच्या उद्यानांचा व क्रीडास्थानांचा कारभार पाहिला, आणि १९८४ सालीं तो वारला.

राजसूय यज्ञांत ज्याची पूजा व्हावयाची त्याच्याविरुद्ध दुसऱ्यानें हरकत घेतली. येथें पूज्य पुरुषानेंच ती घेतली, आणि इतकी गुपचुप कीं ती हरकत आहे हेंहि सभेस कळलें नाहीं. योग्य कोण, एवढाच प्रश्न पंचविसाव्या खुर्चीवरचे लोक विचारीत होते. रसेलनें विचारला तो क्रमाचा. पंगतींत आपणांस पान मिळालें तें योग्यच आहे. पण ज्यांनीं विहिरीचें पाणी आणून स्वयंपाक सिद्ध केला ते अंगणांत उभे आहेत, तोंवर हात धुऊन पाटावर बसावें काय?

या प्रश्नास मंदिरानें फार सावकाश उत्तर दिलें. लॉइड २००३ सालीं आंत गेला. तो हयात होता. आरंभींच्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा स्वतंत्र विचार करण्यासाठीं २०११ सालीं निराळी समिति नेमली गेली. तिच्या निवडी होऊं लागल्या तेव्हां क्लिफ्टन २०१४ सालीं गेला, मरणानंतर चोवीस वर्षांनीं. दयेपोटीं दिलेले हे मान मंदिराचा दर्जा उतरवितात असें म्हणणारे आहेत. दर्जा उतरला असेल तर तो दुसऱ्या कारणांनीं. निवृत्तीनंतर पूर्वीं पांच वर्षें थांबावें लागे, ती मुदत अलीकडे बरीच आंखूड केली. आणि प्रशिक्षकांना तर कारकीर्द चालू असतांनाच मूर्ति करून बसवितात, मग पुढें ते काय करतील तें करोत. जिवंतांसाठीं इतकी घाई करणाऱ्या सभेनें मेलेल्यांच्या उशिराबद्दल दर्जाची भाषा बोलूं नये. कूपरनें केलेलें कृत्य गुणांत मांडतां येत नाहीं हें खरें. पण त्याच्या मागून जे शेंकडों आले, आणि आज ज्यांच्या गुणांनीं मंदिराच्या भिंती भरल्या आहेत, ते त्याच दारानें आले.

२०१९ सालच्या सप्टेंबरांत चक कूपर यास कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. त्यानंतर दोन महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, बिल रसेलनें १९७५ सालची आपली अंगठी स्वीकारली. जाहीर समारंभ झाला नाहीं, कांहीं निवडक मित्र मात्र होते. २०२१ सालीं प्रशिक्षक म्हणून त्याची दुसऱ्यांदा निवड झाली, तेव्हां त्यानें हरकत घेतली नाहीं. त्याच सप्टेंबरांत, त्याच समारंभांत, रेन्सचा एके काळचा कर्णधार क्लॅरेन्स जेंकिन्स याचें नांव पुकारलें गेलें. जेंकिन्सचा जन्म १८९८ सालचा. १९६८ सालीं, मंदिराची पहिली इमारत उभी राहिली त्या वर्षीं, तो वारला होता.